मी तोच, हे कशावरून?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ब' विंगमधले आजोबा गेल्याची बातमी आली, तेव्हा फोन माझ्या हातात नव्हता. उशाशी चार्जिंगला लावून मी दात घासायला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर 19 'भावपूर्ण श्रद्धांजलीं'च्या रांगेत माझ्या नावानं विसावा संदेश उभा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले सात पिवळे चेहरे आणि त्यांच्यामागे 'ज्ञज्ञज्ञ'. मी घाईघाईनं तो काढून टाकला. पण काढलेल्या संदेशाच्या जागी तो काढल्याची पाटी राहते, आणि मूळ मजकूर ज्यांनी वाचला नव्हता ते सगळे ती पाटी वाचून "काय होतं हो?" असं खासगीत विचारायला लागतात.

आठवडाभर हे चाललं होतं. फोन आपोआप उघडायचा. कुणीतरी अदृश्य बोट टेकवत असल्यासारखी पानं इकडून तिकडे सरकायची. कॅल्क्युलेटर उघडून तो कसला तरी हिशेब मांडायचा, तो अर्धवट सोडून कॅमेरा चालू करायचा आणि छताच्या पंख्याचे दहा-बारा फोटो काढायचा. याला 'घोस्ट टच' म्हणतात, असं लेकीनं सांगितलं. आईनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अंगात येतंय त्याच्या."

आईचा शब्द जास्त बरोबर होता, कारण वेळही ठरलेली होती. दिवसभर ऑफिसात फोन अगदी सज्जन. रात्री अंथरूण घातलं की घुमायला लागायचा.

एका रात्री पावणेबाराला त्यानं आमच्या साहेबांना फोन लावला. मी धावत येऊन बंद करेपर्यंत साहेबांनी उचलला होता. त्यांनी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. थेट विचारलं, "कोण गेलं?" हाताखालचा माणूस एवढ्या रात्री फोन करतो तो दुसऱ्या कशासाठी करणार? मी गडबडून म्हणालो, "ब विंगमधले आजोबा."

"अरेरे. वय काय होतं?"

"ब्याण्णव."

"सोनं झालं," म्हणाले आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपण होऊन अर्धा दिवस रजा घ्यायला सांगितलं. ती मी घेतली. मृत्यू खरा होता, मी फक्त नातं स्पष्ट केलं नाही.

फोन बिघडला आणि सर्दी झाली, या दोन गोष्टी चारचौघांत बोलू नयेत. प्रत्येकाकडे औषध असतं. आमच्या लोकलच्या डब्यात डोंबिवली ते दादर या अंतरात मला अकरा उपाय मिळाले. "बंद करून चालू कर" हा त्यातला सुंठीचा काढा. कुणीही कुणालाही देतो, बऱ्याचदा गुण येतो आणि अपाय काही नाही. दुसरा म्हणाला, स्क्रीनगार्ड काढ. तिसरा म्हणाला, कॅश साफ कर. चौथ्यानं 'सेफ मोड' सांगितला. त्यात फोन फक्त स्वतःबरोबर आलेली ॲप्स चालवतो आणि आपण मागाहून भरलेल्यांना झोपवून ठेवतो. तेवढ्या वेळात त्रास थांबला, तर दोष आपण आणलेल्या कुठल्यातरी ॲपचा. मी तिथंच डब्यात सेफ मोड लावला. तासभर फोननं हूं की चूं केलं नाही. सगळ्या डब्यानं एकमतानं निकाल दिला की दोष ॲपचा. फोन एरवीही दिवसा गप्पच असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. डब्यात बसून विचार करायचा नसतो, मत द्यायचं असतं.

शेजारच्या काकूंनी फोन रात्रभर तांदळात ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, "काकू, पाण्यात पडलेला नाहीये तो." त्या म्हणाल्या, "म्हणून काय झालं?" या वाक्याला उत्तर नसतं. आंबेमोहोर महाग म्हणून कोलममध्ये पुरला. फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं, असं ॲपलनं 2024 मध्ये आपल्या ग्राहकांना मुद्दाम सांगितलं. पण आमच्या मजल्याचा ॲपलशी संबंध फक्त संकष्टीपुरता. ती रात्र शांत गेली. सकाळी फोन बाहेर काढला तेव्हा त्याची बॅटरी संपलेली आणि चार्जिंगच्या भोकात कणीचा पांढरा भुगा. "बघा, उतरलं," बायको म्हणाली. संध्याकाळी चार्जिंगला लावला आणि तासाभरात त्यानं माझ्या मेहुण्याला व्हिडिओ कॉल केला. मी तेव्हा बनियनवर होतो.

रजेच्या अर्ध्या दिवसात स्टेशनजवळच्या बोळातल्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक काचेचं काउंटर, मागे कव्हरांची भिंत आणि मध्ये एक बाविशीचा मुलगा. त्यानं फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठा फिरवला. फोन असा वागला की जणू शाळा तपासायला इन्स्पेक्टर आलेत. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसं.

"काका, काही होत नाहीये."

"रात्री होतं."

त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. मग म्हणाला, "चार्जर ओरिजिनल आहे ना? लोकल चार्जर असला तरी होतं असं. करंट साफ येत नाही, टच येडा होतो. त्याला वाटतं बोट लागलं."

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर ओरिजिनल चार्जर लेकीनं नेला होता, आणि माझ्याकडचा मी लोकलमध्ये 120 रुपयांना घेतला होता. सहा महिन्यांची वॉरंटी होती. देणारा ती वॉरंटी घेऊन ठाण्याला उतरला. पण डॉक्टरनं "लोणचं खाता का?" म्हणून विचारलं की आपण "नाही" म्हणतो, तसं ते तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं.

"मग पॅनल बघावा लागेल. 2,200. नाहीतर सॉफ्टवेअर मारतो, 300. आणि घरीच रिसेट मारलात तर फुकट," असं म्हणून त्यानं कुठली दोन बटणं दाबायची तेही सांगितलं. मी घरीच मारायचं ठरवलं.

रिसेट मारण्याआधी बॅकअप घ्यायचा असतो, एवढं मला माहीत होतं. गूगल प्रत्येकाला 15 जीबी जागा फुकट देतं, त्यात मेल, फोटो, कागदपत्रं सगळं आलं. माझी 14.9 भरली होती. कशानं भरली ते बघायला बसलो.

फोनमध्ये 9,460 फोटो होते. त्यांत माणसं थोडी. कुकरची रिंग, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे दुकानात माप सांगता यावं. विजेच्या मीटरचं रीडिंग, 26 महिन्यांचं. राउटरची पाठ, कारण पासवर्ड तिथं छापलेला. डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी, सोमवारी बंद. गळक्या नळाच्या वायसरचे चार कोनांतून चार फोटो. एखाद्या नटीचे काढावेत असे. लग्नपत्रिका, फक्त हॉलचा पत्ता दिसेल अशी. एका मॉलच्या तळघरातला खांब, त्यावर 'बी-17'. त्याच तळघरातला दुसरा खांब, 'डी-4'. असे पाच खांब. आयुष्यात पाच वेळा मी गाडी कुठं लावली ते विसरणार होतो आणि विसरलो नाही, याचा हा पुरावा. आता त्या खांबांशी गाड्या नाहीत. तरी मला एकही खांब पुसवेना. उद्या कुणी विचारलंच तर?

मग सुप्रभात. उगवता सूर्य, गुलाब, वाफाळता चहा आणि एखादा सुविचार, यांची 3,100 चित्रं निघाली. ती भराभर पुसत गेलो आणि मामांच्या पाशी थांबलो. मामा रोज पहाटे सव्वापाचला एक पाठवायचे, वारानुसार देव बदलून. मी कधी उत्तर दिलं नाही. शेवटचं मंगळवारचं होतं, मारुती. तेवढी राहू दिली.

जागा झाली, बॅकअप झाला. लेक बाहेर गेली होती. "मी आल्याशिवाय काही करू नकोस," असं ती बजावून गेली होती, म्हणूनच मी केलं.

बंद फोनचं पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकदम धरलं. पडद्यावर तो हिरवा अँड्रॉइडबाबा आला. उताणा पडलेला, पोट उघडं, पोटातून लाल त्रिकोण वर आलेला आणि खाली इंग्रजीत 'नो कमांड'. इतकं स्पष्ट चित्र मी सरकारी दवाखान्यातही बघितलं नव्हतं. पुढं एक यादी येते. त्यात बोट चालत नाही, आवाजाच्या बटणानं खाली-वर जायचं आणि पॉवरनं पसंत करायचं. पूर्वीच्या फोनांत शेवटच्या पानावर एकाखाली एक 'नो'च्या ओळी असत आणि मधेच कुठंतरी एकुलता एक 'येस'. नवीन सोफ्याचा विषय काढल्यावर आमच्या घरात जसं मतदान होतं, तसं. आताच्या फोनात इतका विरोध होत नाही. मी दाबलं. आठ वर्षं दीड मिनिटात गेली.

फोन पुन्हा उठला तो नव्या नवरीसारखा. "नमस्कार." भाषा विचारली, मराठी सांगितली. वायफाय विचारलं, राउटरच्या पाठीचा फोटो आठवला, तो फोनबरोबरच गेला होता, म्हणून स्टुलावर चढून प्रत्यक्ष राउटर काढला. आणि मग त्यानं विचारलं: या फोनवर आधी जे गूगल खातं होतं, त्याचा पासवर्ड सांगा.

लेक आली तेव्हा मी तिथंच होतो.

"बाबा, तू सेटिंगमधून नाही केलंस? बटणांनी केलंस?"

हे कुलूप अँड्रॉइडमध्ये 2015 पासून आहे. चोरानं फोन पळवून बटणं दाबून कोरा केला, तरी जुन्या मालकाचा पासवर्ड दिल्याखेरीज तो उघडू नये, म्हणून. सरळ सेटिंगमधून, आपला पिन देऊन पुसला असता, तर मी मालक ठरलो असतो. बटणं दाबून पुसल्यामुळे मी चोर. माझी बाजू अशी होती की मला बटणं दाबायला शिकवणाऱ्यानं हे सांगितलं नाही. लेकीची बाजू अशी होती की तिनं सांगितलं होतं.

माझं खातं 2013 साली भाच्यानं उघडून दिलं. माझ्या नावाची सगळी नावं संपली होती म्हणून त्यानं नावापुढं चार आकडे लावले. ते आकडे आठवले. पासवर्ड आठवेना. आठवत नाही म्हटल्यावर गूगलनं समजुतीनं घेतलं. म्हणे, "आम्ही तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे. फोन उघडा आणि 'होय' दाबा." दोर विहिरीत पडलाय, तर त्याच दोरानं पोहरा वर ओढा, असा तो सल्ला होता. दुसरा मार्ग म्हणून त्यानं एका नंबरवर कोड पाठवण्याची तयारी दाखवली. तो नंबर मी कधीच बंद केलेला. म्हणजे तो कोड आता महाराष्ट्रात कुठंतरी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजला असता.

"कालनिर्णयवर लिहिलाय मी," आई आतून म्हणाली.

कालनिर्णय 1973 पासून निघतं. त्याआधी आमच्या स्वयंपाकघरातला खिळा कशासाठी होता, हे आईलाही सांगता येत नाही. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या रजा, इस्त्रीचे कपडे किती गेले आणि किती आले, हे सगळं त्या चौकोनांत असतं. त्यासाठी तिला कधी जागा कमी पडली नाही. वर्ष संपलं की पानं रद्दीत जात नाहीत. ती फळ्यांवर अंथरली जातात. म्हणजे जुना डेटा तिच्याकडेही खालच्या थरात असतो.

भाच्यानं पासवर्ड बदलून दिला ते साल 2019. तेव्हाची पानं मसाल्याच्या फळीवर. रात्री साडेदहाला आम्ही चौघांनी डबे उतरवायला सुरुवात केली. जिऱ्याखाली मार्च निघाला, मोहरीखाली जून, धन्याखाली पुन्हा जून, 2017 चा. सप्टेंबर हळदीच्या डब्याखाली होता. गणेश चतुर्थीच्या आसपासच्या एका चौकोनात, 'दूध अर्धा ली. जास्त'च्या खाली, आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: बाप्पामोरया ॲट 2019.

देवनागरीत.

लेकीनं कपाळाला हात लावला. 'बाप्पा'त 'ए' किती? एक की दोन? 'पी' दोन असणार, पण भाच्याचा काय भरवसा? 'मोरया' की नुसतं 'मोर्या'? आई म्हणाली, "पहिलं अक्षर मोठं आहे म्हणाला होता तो, म्हणून मी मोठं काढलंय." खरंच, 'ब' बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट होता. आम्ही एकेक करून बघत गेलो. प्रत्येक चुकीनंतर फोन पासवर्ड चुकीचा असल्याचं तितक्याच शांतपणे सांगायचा, बँकेतल्या काउंटरवरच्या माणसासारखा. नवव्यांदा कुलूप उघडलं. भाच्यानं 'मोरया' बरोबर लिहिलं होतं, 'बाप्पा'त मात्र एक 'पी' खाल्ला होता. त्याला मराठीत 100 पैकी 41 होते, ते मला तेव्हा आठवलं.

पुढचा शनिवार पुनर्वसनात गेला. लेकीनं फोन तिच्या टेबलावर ठेवला, तिचा चार्जर लावला आणि गूगलच्या बॅकअपमधून 83 ॲप्स एकामागून एक उतरायला लागली. मला वाटत होतं मी दहाएक ॲप्स वापरतो. आरोग्य सेतू आलं, एप्रिल 2020 मध्ये निघाल्याबरोबर मी ते घेतलं होतं. विजेरीचं ॲप आलं, फोनला विजेरी असताना. होकायंत्र आलं. डोंबिवलीत मला उत्तर दिशा कशासाठी हवी होती, देव जाणे. एका लग्नाच्या निमंत्रणासाठी काढलेलं ॲप आलं, त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत. गावाकडच्या वाड्यातून उठवलेली बिऱ्हाडं नव्या चाळीत येतात, तसे सगळे आपापली ट्रंक घेऊन आले आणि प्रत्येकानं दारातच विचारलं: तुमचे फोटो बघू का, तुम्ही कुठं आहात ते बघू का, तुमची माणसं कोण कोण? मी गेल्या आठ वर्षांत या सगळ्यांना "हो" म्हटलं होतं, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

व्हॉट्सॲपनं नंबर विचारला, मेसेजमधून आलेला कोड घेतला. मग सहा आकडी पिन विचारला. हा मी कधी घातला? आकडे सहा आहेत म्हणजे तारीख, तारीख म्हणजे लग्नाची. घातली. चूक.

बायको मागे उभी होती. "कुठली घातलीत?"

सांगितली. थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग तिनं बरोबर तारीख सांगितली आणि व्हॉट्सॲप उघडलं. म्हणजे पिन घालताना मला माहीत होती. मधल्या काळात गेली. हे मी बायकोला समजावून सांगितलं, आणि न सांगतो तर बरं झालं असतं.

जुने संदेश हवेत का, हा प्रश्न व्हॉट्सॲप सुरुवातीलाच विचारतं, आणि शेजारी 'वगळा' असतं. माझं बोट थरथरतंय बघून लेकीनं माझं मनगट धरलं. सगळं परत आलं. सोसायटीच्या ग्रुपवर ते सात चेहरे गेलेले होते, पण संदेश काढल्याची पाटी जागेवर होती.

संध्याकाळी भाजी आणायला गेलो. मंडईत फोन वाजला, कारखान्यातून आल्या दिवशीच्या सुरात, तर माझ्याबरोबर आणखी तिघांनी खिसे चाचपले. भाजी घेऊन यूपीआय उघडलं तर ते मला ओळखेना. आधी माझ्या सिमवरून बँकेला एक मेसेज, मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मग कार्डाची मुदत, मग नवा पिन. कार्ड घरी. नव्या जोडणीनंतर पहिल्या 24 तासांत 5,000 रुपयांच्या वर पाठवता येणार नाहीत, असंही त्यानं बजावलं. तारीख 25 होती, त्यामुळे ती अट मला जाचक वाटली नाही. भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडे आणि फोनकडे बघितलं. "उद्या द्या काका," म्हणाल्या आणि कढीपत्ता वर टाकला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. माझा कीबोर्ड. आठ वर्षांत तो माझा झाला होता. 'मे' लिहिलं की 'मेतकूट' म्हणायचा, 'थो' लिहिलं की 'थोडा उशीर होईल'. आता 'मे' लिहिलं की 'मेरी' म्हणतो. मी एकेक शब्द पुन्हा शिकवतोय. 'थोडा उशीर होईल' पहिल्याच दिवशी शिकला.

पण फोन बरा झाला होता, हे खरं. शनिवारभर लेकीच्या टेबलावर, तिच्या चार्जरवर, गाईसारखा पडून होता. मेहुण्याला फोन नाही, पंख्याचे फोटो नाहीत. डब्याच्या ग्रुपवर मी जाहीर केलं की दोष ॲपचाच होता, रिसेटनं गेला. अकरा जणांनी अंगठे दाखवले आणि प्रत्येकाला आपलंच औषध लागू पडलं असं वाटलं. काकूंना तांदळाचं श्रेय देऊन टाकलं.

रात्री लेकीनं तिचा चार्जर परत नेला. मी माझा काढला, उशाशी लावला, बॅटरी 34 टक्के होती. दिवा मालवला आणि दात घासायला गेलो. ब्रश तोंडात असताना आतून आवाज ऐकू आला. बायको झोपली होती, आई झोपली होती. आवाज फोनमधून येत होता, खणखणीत, आणि आता त्यात थोडी भीतीही होती.

"आता कोण गेलं?" साहेब विचारत होते.